नाव घातलेली भांडी

"पोट आत घे," ताई म्हणाली, "आणि पिशवी डोक्यावर धर. हात लागला की पेपर खाली येतात."

मी पोट आत घेतलं, पिशवी डोक्यावर धरली आणि माझ्या सख्ख्या थोरल्या बहिणीच्या घरात आडवी शिरले. डाव्या हाताला वर्तमानपत्रांची भिंत, उजव्या हाताला दह्याच्या रिकाम्या डब्यांची, आणि मधून एक पाऊलवाट. पुढं ती वाट वळत होती, कारण मध्ये तीन शिवणयंत्रं उभी होती आणि तिन्हींना चाक नव्हतं.

"तीन कशाला गं?"

"एकाचं तरी चाक कुठं मिळेल की."

विट्याच्या शिक्षक कॉलनीतलं हे दोन खोल्या आणि स्वयंपाकघराचं घर. प्रमिलाताई प्राथमिक शाळेतून निवृत्त झालेली. चौसष्ट वर्षांची, पाठीनं ताठ, बोलायला लाघवी, आणि हाती आलेली एकही वस्तू कधी बाहेर न टाकलेली. मी हेमलता, तिच्याहून सात वर्षांनी धाकटी, पुण्यात कॉलेजात मराठी शिकवणारी. माझ्या फ्लॅटमध्ये चार ताटं आणि चार वाट्या. खेडोपाडी फिरून मी बायकांच्या चार हजार ओव्या उतरवून घेतल्या होत्या, पण पुस्तक छापून झालं तशी वह्या रद्दीत दिल्या. नवरा गेला तेव्हा तेराव्याच्या आत त्याचं कपाट रिकामं केलं, आणि शेजारणींनी माझ्या धीराचं कौतुक केलं. तेव्हा माणसानं कसं राहावं हे दुसऱ्याला सांगण्याचा अधिकार आपल्याला आहे, याबद्दल माझ्या मनात तिळमात्र शंका नव्हती.

ही अकरा वर्षांपूर्वीची गोष्ट. मी गेले होते दाजींसाठी. ताईचे यजमान त्याच पाऊलवाटेवर एका कॅलेंडरवरून घसरले. कॅलेंडर पंधरा वर्षांपूर्वीचं होतं. खुबा मोडला, मिरजेत ऑपरेशन झालं, आणि येत्या रविवारी त्यांना घरी सोडणार होते. ताईचा मुलगा शिरीष बंगळूरला असतो. त्यानं मला फोनवर स्वच्छ सांगितलं होतं.

"मावशी, रविवारपर्यंत घरात बाबांचा पलंग आणि वॉकर मावला तर ठीक. नाहीतर मी त्यांना इकडं घेऊन येतो, कायमचं. आई यायची नाही, मला माहितीये."

ताई खरोखरच गेली नसती. दोन वर्षांत ती एक रात्र बाहेर राहिली नव्हती. एक्केचाळीस वर्षांचा संसार वॉकरच्या रुंदीवर येऊन ठेपला होता आणि तो दिवस मंगळवार होता.

पलंग ठेवायचा तर आतल्या खोलीत. तिचं दार ताईनं खांद्यानं ढकलून वीतभर उघडलं, आणि आत मला भांडी दिसली. जमिनीपासून माळ्यापर्यंत भांडी. पितळी, तांब्याची, स्टीलची. तांबे, पेले, पातेली, ताटल्या, गडवे, लहान मुलांच्या वाट्या. एकही नवं नव्हतं. आणि प्रत्येकावर नाव. आपल्याकडं लग्नामुंजीत भांडं देताना त्यावर नाव घालतात ना, टिंबाटिंबांनी: अमक्याकडून तमकीस, लग्नाप्रीत्यर्थ, आणि खाली तारीख. ती लोकांची नावं.

"ही कुणाची सगळी?"

"ज्यांची नावं आहेत त्यांची."

"मग तुझ्या घरात काय करतात?"

"बाबालालकडं मोडीत आली होती," ताई म्हणाली. "वितळवणार होते, हेमे. नावासकट."

मी हसले. विटं म्हणजे गलाईवाल्यांचं गाव. इथली निम्मी माणसं सोनं-चांदी वितळवायला देशभर पांगलेली. त्या गावात एकच बाई अशी, जिला वितळवणं सोसवत नाही, आणि ती नेमकी माझ्या नशिबी. बाबालाल आत्तार हा स्टँडमागचा भंगारवाला. त्याला ताईचा नाद ठाऊक झाला होता. नाव असलेलं भांडं आलं की तो बाजूला ठेवायचा आणि ताई रस्त्यानं दिसली की हाक मारायचा, "मास्तरीणबाई, आज तीन नावं आल्यात बघा."

मी त्याच संध्याकाळी एक टेम्पोवाला ठरवला. दुसऱ्या दिवशी ताई दाजींना डबा द्यायला मिरजेला गेली की काम उरकायचं. पण सकाळी ताईनं मलाही बरोबर ओढलं. "डॉक्टरीणबाईंना तुला भेटायचंय," म्हणाली.

या डॉक्टरीणबाई म्हणजे रेहाना शिकलगार, त्याच दवाखान्यातल्या, मनोविकाराच्या. दाजींनीच चार महिन्यांपूर्वी ताईला गोडीगुलाबीनं त्यांच्याकडं नेलं होतं. वय असेल पस्तिशीचं. ताईला दाजींपाशी बसवून त्यांनी मला व्हरांड्यात गाठलं.

"टेम्पो ठरवलात का?" त्यांनी विचारलं.

मी चपापले. "तुम्हाला कसं कळलं?"

"सगळे नातेवाईक ठरवतात. शिरीषनंही आणला होता दोन वर्षांपूर्वी, त्या नरसोबाच्या वाडीला गेल्या होत्या तेव्हा. आतली कुलूपबंद खोली सोडून दिवसभरात घर चकाचक. पुढं?"

"पुढं काय?"

"सहा महिन्यांत दुप्पट भरलं. आणि तेव्हापासून त्या रात्री घराबाहेर राहात नाहीत. पहारा देतात."

"अहो, पण हा निव्वळ हट्ट आहे. लहानपणापासूनची चिकट आहे ती."

"हट्ट असता तर तुमच्याकडं आल्या असत्या, माझ्याकडं नाही. हा आजार आहे, बाई. वस्तू हातातून सोडायची म्हटलं की त्यांच्या छातीत धडधडतं, घशाला कोरड पडते. तुम्हाला उंच गच्चीच्या कठड्यावर उभं केलं तर होईल तसं. तुम्ही मागून ढकलणार आहात. मी म्हणतेय, शेजारी उभ्या राहा."

"आणि करू काय?"

"एक वस्तू. त्यांच्या हातात. ठेवायची की सोडायची त्या ठरवतील. तुम्ही हात लावायचा नाही, घाई करायची नाही. सोडली की जीव घाबरा होईल, तो थोड्या वेळानं आपोआप उतरतो. उतरेपर्यंत बसायचं. बास."

"रविवारपर्यंत अख्खं घर असं?"

"घर कोण म्हणतंय? अडीच फुटांची वाट आणि एका पलंगाची जागा. घराला दोन वर्षं लागतील." जाता जाता त्या वळून म्हणाल्या, "आणि टोमणे कमी. तुमच्या बहिणीनं तुमच्याबद्दल सांगितलंय."

आत दाजी उशीला टेकून बसले होते. मी विचारलं, "काय दाजी, कसं काय?"

"मजेत. कित्येक वर्षांनी मोकळ्या खोलीत झोपतोय," ते म्हणाले. मग ताई डबा धुवायला गेल्यावर हळूच, "हेमा, माझ्या पाठीवर कुठं नाव कोरून मिळतंय का बघ. म्हणजे मलाही ठेवून घेईल."

ते हसत होते. डोळे मात्र ताई गेली त्या दाराकडं होते.

बुधवारी दुपारी आम्ही बसलो. तीन तासांत तीन वस्तू. पहिली बूड गेलेली बादली. ताईनं ती मांडीवर घेतली, फिरवली, आणि सोडली, पण कडी काढून घेतली. दुसरी वस्तू म्हणजे ती कडी. तिच्यावर पाऊण तास. तिसऱ्या एका डब्यात नुसती झाकणं होती आणि त्यातलं एकही कशाला बसत नव्हतं.

"हे कशाचं गं?"

"डबा हरवलाय त्याचा."

"मग झाकण कशाला जपायचं?"

"डबा सापडला तर?"

मी मनातल्या मनात हिशेब घातला: या वेगानं दाजी एकशे चाळीस वर्षांचे झाल्यावर घरी येतील. पण त्या बादलीच्या वेळी एक गोष्ट मी पाहिली होती आणि ती मला विसरता येईना. बादली दाराबाहेर गेली तशी ताईच्या वरच्या ओठावर घाम आला. ती भिंतीला धरून उभी राहिली, लहान मुलीसारखी, डोळे मिटून, आणि पुटपुटत राहिली. मी जवळ जाऊन ऐकलं. ती पाढे म्हणत होती. सतरा सक बेदोत्तर, सतरा सत्ते एकोणीसोत्तर. एकोणतीसच्या पाढ्यापर्यंत घाम उतरला.

गुरुवारी दुपारपर्यंत पेपरांची भिंत कमरेइतकी खाली आली. पेपरांवर कुणी नाव घातलेलं नव्हतं म्हणून ती हलली. मग आतली खोली. ताईनं पहिला पेला उचलला, चष्मा पुढं ओढला आणि शाळेत हजेरी घ्यावी तशा आवाजात वाचला. "चिरंजीव बाळासाहेब भिंगारदेवे यांस, मुंजीप्रीत्यर्थ, आत्याकडून. १९५४." आणि पेला छातीशी धरला.

"ठेवायचा की सोडायचा?"

"सोडायचा म्हणजे बाबालालकडंच ना?"

दुसरा पेला, तेच. तिसरा गडवा, तेच. चारशेच्या वर भांडी आणि सोडलेलं शून्य. पाचच्या सुमाराला माझा तोल गेला.

"ताई, एवढं जर लोकांच्या नावांचं प्रेम आहे ना, तर डोक्यावर पाटी घे आणि ज्याचं त्याला नेऊन दे दारोदार. 'घ्या हो तुमची आत्या, घ्या हो तुमची मावशी.'"

मी हे कुचेष्टेनं म्हटलं होतं. ताईनं मात्र हातातल्या भांड्यावरचं नाव पुन्हा एकदा वाचलं.

"देऊ?" ती म्हणाली. "घेतील?"

मी घाबरून डॉक्टरांना फोन लावला. त्या म्हणाल्या, "कल्पना वाईट नाही. पण एक अट त्यांच्याकडूनच वदवून घ्या. दाराबाहेर गेलेलं भांडं परत दारात यायचं नाही. कुणी घेतलं नाही, तर पुढचा मुक्काम बाबालाल."

मी अट सांगितली. ताई म्हणाली, "न घ्यायला काय झालंय? ज्याचं त्याचं नाव आहे की त्यावर."

हा तिचा माणसांवरचा विश्वास. पस्तीस वर्षं पहिलीचा वर्ग शिकवला की असं होतं.

शुक्रवारी सकाळी रिक्षात सहा पोती घालून आम्ही निघालो. पहिलं घर भिंगारदेव्यांचं. बाळासाहेब स्वतःच दारात आले, सत्तरी पार केलेले. ताईनं मुंजीचा पेला पुढं केला. त्यांनी तो वाचला, पुन्हा वाचला, आणि घरात ओरडून विचारलं, "कुणी विकला गं हा?" आत दोन सुना एकमेकींकडं बघताना मला खिडकीतून दिसल्या. मग बाळासाहेब आवाज उतरवून म्हणाले, "बाई, तुमच्याकडंच असू द्या. आमच्यात आता सगळं काचेचं."

दुसरं घर गलाईवाल्यांचं. तीन मजली बंगला, नक्षीचं फाटक, आत एक राखणदार. मालक कोइमतूरला. राखणदारानं ताटली उलटीपालटी केली नि म्हणाला, "साहेबांना विचारायला पायजे. पर साहेब कदी येतील ते साहेबबी सांगणार न्हाईत."

तिसऱ्या घरी तर कहरच झाला. तारळेकरांच्या सूनबाईंनी सासूच्या नावाचा तांब्या बघितला आणि दोन पावलं मागं सरकल्या. सासू जाऊन बारा वर्षं झाली होती. "हे कुणी पाठवलं?" म्हणाल्या. "अमावास्या कालच झाली ना?" त्यांनी दारातच मीठमोहऱ्या ओवाळायला घेतल्या. भांड्यावरून नव्हे, आमच्यावरून.

"जागा नाही हो." "ठेवा तुमच्याकडंच." "कोण घासणार?" "तुम्ही जपलंय तर तुमच्याचकडं शोभतं." दुपारपर्यंत हेच. लोकांची एकेक तऱ्हा मी टिपून घेत होते आणि रिक्षात बसल्यावर नकला करून दाखवत होते. रिक्षावाला हसून लोळत होता. ताई हसत नव्हती. घरागणिक तिच्या हातातलं भांडं जरा खाली उतरत होतं. आधी छातीशी, मग पोटाशी, मग नुसतं बोटांत.

त्या दिवशी एकाच घरी घेतलं गेलं. तिथंही सून म्हणालीच, "नको हो, अडगळ होते." पण आतून म्हातारा आवाज आला, "कोण गं? काय आणलंय?" यमुनाबाई मेटकरी, नव्वदीच्या, मोतीबिंदूनं दोन्ही डोळे गेलेले. ताईनं तांब्या त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो काठापासून बुडापर्यंत चाचपला, टिंबांवरून बोट फिरवलं, एकदा, दोनदा. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं, आणि तरी त्यांनी नेमकं नावावर बोट ठेवलं.

"आईचा माझ्या," म्हणाल्या. आणि खाटेवर बसल्या बसल्या, सुनेला ऐकू जाईल अशा बेतानं, गळा सोडला:

*तांब्याच्या काठावरी, नाव कोरलं मायेचं*
*सून पाणी पिते, तिला काय गं त्याचं*

सून म्हणाली, "झालं सुरू." ताईनं मात्र बाहेर आल्यावर पदरानं डोळे पुसले. मी पिशवीतून वही काढून ओवी टिपून घेतली. तीही मग कधीतरी रद्दीत गेली असणार.

शुक्रवार-शनिवार मिळून आम्ही बेचाळीस घरं हिंडलो. घेतली गेली तीन भांडी. दुसऱ्या भांड्यामागं तर एक बाई रस्त्यापर्यंत पळत आली, "माझ्या बहिणीचं आहे हो, द्या," म्हणत. तिसरं एकानं कुंडीसाठी घेतलं.

शनिवारी चार वाजता बाबालालच्या दारात रिक्षा थांबली. मला वाटलं, आता ही फिरणार. अट मोडणार, पोती घरी नेणार, आणि दाजी बंगळूरला. बाबालाल उठून उभा राहिला. "काय मास्तरीणबाई, उलटी गंगा?"

"तराजू लाव," ताई म्हणाली. "पण एकेक घालीन."

ती खाली पोत्यावर बसली. एकेक भांडं उचलायचं, चष्म्यापुढं धरायचं, मोठ्यानं नाव वाचायचं आणि ढिगात टाकायचं. "सौभाग्यवती इंदिरा तारळेकर." खण्ण. "चिरंजीव बाळासाहेब भिंगारदेवे." खण्ण. ओठावर घाम होता. दर दहा-वीस भांड्यांनी ती थांबून पाढा म्हणायची आणि पुन्हा सुरू. वर्गात कुणीच हजर नव्हतं, पण हजेरी तिनं पूर्ण घेतली. बाबालालनं गिऱ्हाइकं परत लावली आणि टोपी काढून शेजारी बसला. शेवटी शेवटी तोच "हजर" म्हणायला लागला, हळूच, थट्टेनं नव्हे. मला त्या वेळी टोमणा सुचला नाही. आयुष्यात पहिल्यांदाच असेल.

घरातली उरलेली भांडी, ज्यांच्या मालकांचाच पत्ता लागला नव्हता ती, तिनं बाबालालला संध्याकाळी स्वतः बोलावून दिली. मी टेपनं वाट मोजली. दोन फूट. अर्धा फूट कमी पडत होता आणि त्याचं कारण दाराशेजारची पत्र्याची ट्रंक होती.

"ही नको," ताई म्हणाली.

"ताई, उद्या अकराला गाडी येतेय."

"उद्या बघू."

रविवारी सकाळी मी उठले तर ती ट्रंकेपुढं मांडी घालून बसलेली. ट्रंक उघडी होती. आत आईची दोन लुगडी, एक फुटका आरसा, आणि मधोमध एक पितळी तांब्या.

आईबद्दल इथं सांगायला हवं, आणि मला ते कधीच सांगायला आवडलेलं नाही. मी लग्न केलं ते जातीबाहेर, कोल्हापुरात, नोंदणीनं. वडील, म्हणजे अण्णा, म्हणाले, ती आम्हाला मेली. आई काहीच म्हणाली नाही. ती आलीही नाही. तिनं मला लग्नात काही दिलं नाही, म्हणून मीही पुढं तिचं काही घेतलं नाही. या रविवारच्या एकोणीस वर्षं आधी ती गेली तेव्हा तेराव्याला मी एक दिवस आले, आणि तिची खोली आवरताना कंबरेवर हात ठेवून ताईला सांगितलं, "मोडीत घाल सगळं. मला एक चमचा नको."

ताईनं तांब्या उचलला. चष्मा पुढं ओढला. तोच हजेरीचा आवाज.

"चिरंजीव सौभाग्यकांक्षिणी हेमलता हिस, आईकडून. ८-६-७८."

ती माझ्या लग्नाची तारीख होती.

"तारीख मी सांगितली होती तिला," ताई म्हणाली. "अण्णा शेतावर गेल्यावर तिनं भर बाजारात बसून नाव घालून घेतलं. छिन्नी-हातोडीनं. सगळी पेठ बघत होती कुणाचं नाव घालतेय ते. मग द्यायला धजावली नाही. ट्रंकेत ठेवला. तू मोडीत घाल म्हणालीस तेव्हा मी पोत्यातून काढून घेतला. पहिला हाच. मग पोत्यातली बाकीचीही काढली. मग बाबालालकडची दिसायला लागली."

"एकोणीस वर्षं, ताई. दिला का नाहीस?"

"दिला असता तर तू टाकला असतास."

खरं होतं. तिनं दोन्ही हातांनी तो माझ्यापुढं धरला.

"घे. तुझं नाव आहे त्यावर."

आणि मी म्हणाले. मी काय म्हणाले ते मला अजून ऐकू येतं, माझ्याच आवाजात, रिक्षात नक्कल करून दाखवल्यासारखं अगदी.

"ठेव तुझ्याकडंच. माझ्याकडं कुठं जागा आहे?"

ताईनं मान डोलावली. तिला राग आला नाही. "दोन दिवस हेच ऐकतेय," म्हणाली. "पण बाहेर काढलेलं परत आत घ्यायचं नाही ठरलंय. तू टाक, दे, काहीही कर. मी बघणार नाही. माझ्या हातून सुटला की झालं."

तिच्या ओठावर घाम आला होता. तांब्या हवेत तसाच, आणि तिची बोटं एकेक करून सुटत होती. आधी करंगळी. मी धरला नसता तर तो खाली पडला असता. म्हणून मी धरला, असंच मी पुढं कितीतरी दिवस स्वतःला सांगितलं.

ताई भिंतीला टेकली आणि सतराचा पाढा सुरू केला. तेवीसच्या पाढ्याला तिला धाप लागली. मी तांब्या पोटाशी धरून तिच्या शेजारी खाली बसले आणि तिथून पुढं पाढा मी म्हटला.

अकराला गाडी आली. ट्रंक अंगणात होती. दाजी वॉकर टेकत दारात उभे राहिले, आत बघितलं, आणि तिथंच थांबले.

"घर चुकलं वाटतं," म्हणाले.

"या," ताई म्हणाली. "पोट आत घ्यायला नको आता."

वॉकरचे पाय दोन्ही बाजूंनी बोटभर सोडून आत गेले. पेपरांची भिंत कमरेइतकी होतीच, शिवणयंत्रंही होती. एकाला चाक मिळायचं होतं.

घराला दोन नाही, साडेतीन वर्षं लागली. दर पंधरा दिवसांनी डॉक्टर शिकलगारांकडं जाणं, मधे एकदा घसरण, पुन्हा बाबालालच्या दारात, पुन्हा पाढे. दाजी गेले ते घरातल्या पलंगावर, ताईचा हात हातात असताना. तिनं त्यांची काठी तेवढी ठेवली. कपडे तिनं एकेक करून स्वतः दिले, वर्ष लावून. मी नवऱ्याचे कसे दिले होते ते तिनं कधी काढलं नाही.

तांब्या माझ्याकडं आहे. तीनदा मी तो पिशवीत घालून दारापर्यंत नेला आणि तीनदा परत आणला. तिसऱ्यांदा मला घाम आला, वरच्या ओठावर. मी घाबरून मिरजेला फोन लावला.

"किती वस्तू आहेत अशा?" डॉक्टरांनी विचारलं.

"एकच."

त्या हसल्याचं मला ऐकू आलं. "एका वस्तूला आजार म्हणत नाहीत, बाई."

"मग काय म्हणतात?"

"काही म्हणत नाहीत. पाणी प्या त्यातून."

ते मात्र मला अजून जमलेलं नाही. रोज सकाळी घासते, भरून ठेवते, आणि संध्याकाळी ते पाणी तुळशीला घालते.